दोनचा शिक्का

जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या त्या कारखान्याचा मला अजून राग येतो, आणि राग येण्याआधी त्याचा आवाज येतो. पत्र्याची जाड पट्टी मशिनात शिरतानाची दबकी करकर, मध्येच हायड्रॉलिक कात्रीचा धप्प, आणि मग कापलेला तुकडा लोखंडी घोडीवर पडल्याचा घणघणाट. दिवसभर तोच क्रम. घरी आल्यावरही तो कानात चालू असायचा. जेवताना अण्णा बोटांनी ताटाच्या कडेवर त्याच लयीत टकटक करायचे, आणि आई म्हणायची, "मशीन बंद करा की आता. जेवा."

ते मशीन अण्णांनी बनवलेलं होतं. रोल फॉर्मिंग मशीन म्हणतात त्याला. एका टोकाला लोखंडी पट्टीचं भलंमोठं वेटोळं, म्हणजे कॉइल, चढवायची. पट्टी रोलांच्या सोळा जोड्यांमधून जाते, प्रत्येक जोडी तिला थोडी थोडी वाकवते, आणि दुसऱ्या टोकाला इंग्रजी झेडच्या आकाराचा लांबलचक वासा बाहेर पडतो. गोदामांच्या, कारखान्यांच्या छपराखाली आडवे घातलेले दिसतात ते हेच. पर्लिन म्हणतात त्यांना. वरचा पत्रा त्यांच्यावर बसतो. ते वाकले की छप्पर खाली येतं. हे मला अण्णांनीच शिकवलं होतं, मी बारा वर्षांची असताना. म्हणून नंतर जे झालं ते मला कळत नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकले नाही. त्यांनाही म्हणता आलं नसतं.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. अण्णा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात लेथवर रोल काढायचे. जयपूरचे एक सेठजी कसलंसं मशीन बघायला आले होते, त्यांनी अण्णांचं काम पाहिलं आणि म्हणाले, "मगदूमजी, जयपूर चलिए. वहाँ आपकी खुद की बनाई मशीन होगी." अण्णा सातवी शिकलेले. त्यांना आयुष्यात कुणी 'जी' लावून बोललं नव्हतं. महिन्याभरात आम्ही प्रतापनगरात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. उन्हाळ्यात भिंती रात्रभर गरम असायच्या. कूलरला वाळ्याच्या पट्ट्या लावलेल्या, त्याचा ओला वास सगळ्या कपड्यांना यायचा. आईनं कोल्हापुरातून आणलेली ज्वारी संपली, मग ती बाजरीच्या भाकरी करायला लागली आणि बाजरीला रोज नावं ठेवायला लागली. कांदा-लसूण चटणीची बरणी मात्र तिनं कधी रिकामी होऊ दिली नाही. ती भाजायची तेव्हा खालच्या मजल्यावरच्या चाचीजी खोकत वर यायच्या आणि एक वाटी घेऊनच जायच्या. पुढे पुढे त्या वाटीतून केर-सांगरीची भाजी आणून द्यायच्या आणि वाटी चटणीनं भरून परत न्यायच्या. आईचं हिंदी त्या वाटीवरच तयार झालं.

ज्या भिंतीवर लोक कॅलेंडर लावतात तिथं अण्णांनी पोस्टकार्डाच्या पट्ट्या टाचल्या होत्या. सोळा पट्ट्या, पहिली सपाट, शेवटची झेड. मधल्या चौदा हळूहळू वळत गेलेल्या. मी अभ्यासाला बसले की ते त्यातली एखादी काढून माझ्या हातात द्यायचे. "वैशे, हे बघ. पत्र्याला एकदम वाकवायचं न्हाई. घाई केली की तो पीळ खातो. त्याला कळूच द्यायचं न्हाई की आपण वाकायलोय म्हणून." वर्षभर त्यांनी ते मशीन जुळवलं. पहिली सरळ, पीळ न खाल्लेली पर्लिन निघाली त्या दिवशी तिचा वीतभर तुकडा ते पिशवीतून घरी घेऊन आले. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. मी हसले, तर अण्णा हसले नाहीत. तो माणूस मला आवडायचा, हे मी इथं लिहून ठेवते. पुढचं सगळं वाचताना हे विसरलं जाऊ नये.

बारावीला मला कमी मार्क पडले. अण्णांनी मला गोपालपुऱ्यातल्या एका क्लासात घातलं. एका खोलीत शंभरावर मुलं, मागच्या बाकावरून फळा दिसायचा नाही, आणि सर प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'समझे?' विचारून उत्तराची वाट न पाहता पुढे जायचे. चार महिन्यांनी मी जायचं बंद केलं. अण्णा रागावले नाहीत. उलट त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी सेठजींना विचारून मला कारखान्यात लावलं. क्वालिटीत, म्हणजे एक लोखंडी टेबल, एक जाड रजिस्टर आणि एक मायक्रोमीटर. कॉइल आली की तिची जाडी मोजायची, रजिस्टरात लिहायची, दर तासाला निघणाऱ्या पर्लिनची जाडी मोजायची, लिहायची. शेडवर काम करणारी मी एकटीच मुलगी. बाकीच्या बायका झाडू मारायच्या. सकाळी अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून मी जायचे आणि गेटवरचा पहारेकरी आम्हा दोघांनाही नमस्कार करायचा. सेठजी येता-जाता विचारायचे, "बेटी, कैसी चल रही है तेरी मशीन?" मला वाटायचं, माझ्यासारखं भाग्य कुणाचं नाही. आज ते आठवलं की स्वतःचीच कीव येते, आणि कीव येण्यापेक्षा राग आलेला मला बरा वाटतो.

मशिनाच्या शेवटी एक शिक्क्याचा रोल होता. प्रत्येक पर्लिनवर दर हातभर अंतरावर कारखान्याची खूण आणि मिलिमीटरमधली जाडी उमटायची. २.०. तो रोलही अण्णांनीच कोरला होता. आकडे सुबक होते, दोनच्या शेपटीला थोडा बाक दिलेला.

होळी झाल्यानंतरची गोष्ट. एक कॉइल आली आणि मायक्रोमीटरनं एक पॉइंट सहा दाखवलं. मला वाटलं माझं चुकलं. मी पुसून पुन्हा मोजलं, तीन ठिकाणी मोजलं. एक सहा. मी रजिस्टर घेऊन सोहनजींकडे गेले. सोहनजी आमचे सुपरवायझर, पान खाणारे, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "दो लिखो."

"पर एक छह है, सोहनजी."

"मैंने कब कहा नहीं है? दो लिखो."

मी अण्णांकडे गेले. ते मशिनापाशी वाकून रोलांमधली फट बसवत होते. जाड पट्टीसाठी फट मोठी ठेवावी लागते, पातळ पट्टीसाठी लहान, नाहीतर कोपरे नीट येत नाहीत. फट मोजायच्या पोलादी पात्या असतात, प्रत्येकीवर तिची जाडी लिहिलेली. अण्णांच्या हातात त्या पात्या होत्या. मी म्हटलं, "अण्णा, ही कॉइल एक सहा आहे."

त्यांनी वर पाहिलं नाही. "सोहनजी सांगतील ते लिही."

आणि मला त्यांच्या बोटांतल्या पात्या दिसल्या. त्यांची बेरीज एक सहा होती. मी यायच्या आधीच त्यांनी मशीन एक सहावर बांधायला घेतलं होतं.

त्या संध्याकाळी मी ताटावर विचारलं. आईनं शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती, अण्णांची आवडती. ते शेंग चोखत म्हणाले, "छप्पर उभं राहतंय की एक सहावर. इंजिनियर लोक हिशोबात जास्तीचं धरूनच चालतात."

"मग दोनचा शिक्का का मारायचा?"

"वैशे, कामाचं बोलणं ताटावर नको."

आईनं दोघांच्या ताटात भाकरी वाढली. मी लिहिलं. पुढचे सगळे दिवस लिहिलं. सकाळी दहाला दोन, अकराला दोन, बाराला दोन. माझं अक्षर चांगलं होतं. सुरुवातीला हात अडखळायचा, आठवड्याभरात अडखळेनासा झाला. नंतर नंतर तर मी मोजायचेही नाही, नुसतं लिहायचे. माणूस किती लवकर तयार होतो याचं मला आजही नवल वाटत नाही, संताप येतो. मी अठरा वर्षांची होते, हे कारण मला खूप जणांनी पुढं करून दिलं. मी ते घेतलं नाही. अठरा वर्षांच्या मुलीला एक सहा आणि दोन यांतला फरक कळतो.

ज्येष्ठात एका दुपारी आंधी आली. जयपुरात राहिलेल्याला ते सांगायला नको. आधी वारा पडतो, मग आभाळ पिवळं होतं, आणि मग एकदम वाळूच उभी राहते. आम्ही कारखान्याची दारं ओढून घेतली. अर्धा तास पत्रे थडथडत होते. आमचं छप्पर जुनं, जाड लोखंडाचं, त्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोहनजी फोनवर बोलत होते आणि बोलताना त्यांनी पान थुंकून टाकलं. जयपूरजवळच्या बस्सीत धान्याच्या गोदामाची नवी शेड पडली होती. आंधी आली म्हणून धान्य निवडणाऱ्या बायका आडोशाला आत गेल्या होत्या. बाकीच्या निसटल्या, एक अडकली. गुलाबदेवी तिचं नाव. पर्लिन तिच्या मांडीवर पडली होती. जिवंत होती, जयपूरच्या इस्पितळात आणली होती, पाय वाचेल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते.

बस्सीचं नाव मला ओळखीचं होतं. गाडी भरताना त्या मालाच्या कागदाला माझ्या रजिस्टरचं पान जोडलं होतं.

सेठजींनी अण्णांना बस्सीला पाठवलं. ते संध्याकाळी आले, मोरीत बराच वेळ हात धूत राहिले. आईनं विचारलं, "काय झालंय तिथं?" ते म्हणाले, "आंधी मोठी होती." मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. जेवले मात्र. मला वाटलं होतं जेवणार नाहीत.

दोन दिवसांनी सेठजींनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. एसी चालू होता. चहा आला, सोबत बिस्किटं आली. सेठजींनी स्वतः बशी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, सरकारी इंजिनियर गुरुवारी बस्सीला येणार आहे, पडलेला माल मोजणार आहे. रजिस्टर मागितलंय. "माल कम निकलेगा, रजिस्टर में दो लिखा है. अब इसका एक ही मतलब होता है, बेटी. कॉइलवाले ने हमें ठगा, और हमारे यहाँ नाप लेने में गलती हो गई. नई लड़की थी, समझ नहीं पाई."

मला कळायला क्षणभर वेळ लागला की नवी लडकी म्हणजे मी.

"तू एक कागज़ पर लिख दे. बच्ची है, तुझे कौन क्या कहेगा? दो दिन में सब भूल जाएँगे. तू तो घर की है."

सोहनजी कोपऱ्यात उभे होते. पान त्यांच्या गालात तसंच होतं. मी अण्णांकडे पाहिलं. मला खात्री होती की आता ते बोलतील. अण्णा बिस्किटाकडे बघत होते. मग मराठीत, म्हणजे त्या खोलीत फक्त मला कळेल अशा भाषेत, हळू म्हणाले, "लिहून दे, वैशे."

मी म्हटलं, "घरी जाऊन लिहिते." एवढंच सुचलं. सेठजी म्हणाले, "शाबाश."

घरी मी आईला सगळं सांगितलं, अण्णांच्या समोर. आई भाकरी थापत होती. अण्णा मध्ये मध्ये म्हणत होते, "तसं न्हाई ते," "तू ऐक तरी." मग ते माझ्याकडे वळले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले. त्यांचं ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"मी खरं सांगितलं असतं तर सेठजी म्हणाले असते, मगदूमजी, मग तुमचं मशीन बंद ठेवू? मशीन बंद म्हणजे मी काय? सातवी पास. तुझं काय जातंय? चूक झाली म्हणायची. उद्या तू लग्न करून जाशील, तुझं आडनावसुद्धा बदलंल. कोण ध्यानात ठेवणार तुझं नाव? माझं नाव गेलं तर ह्या हाताला काम कोण देणार?"

मी म्हटलं, "तिचा पाय कापावा लागलाय, अण्णा."

"मला म्हाईत न्हाई व्हय? मी ते लोखंड बघून आलोय."

"मग?"

आईनं परातीतला हात थांबवला. तिचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "तिचं आडनाव बदलंल. तिचं नाव वैशालीच राहणार न्हवं?" ती अण्णांकडं वळली. "पोरीच्या नावानं तुमचं नाव धुवून घ्यायचं असलं, तर भाकरी तुमची तुम्ही थापा." तिनं गॅस बंद केला. तवा तापलेला, भाकरी अर्धी थापलेली, तशीच सोडून ती बाहेरच्या खोलीत येऊन माझ्याजवळ बसली. तिच्या हातावरचं पीठ वाळेपर्यंत आम्ही तिघंही तसेच बसून होतो. त्या घरात चूल कधी अशी विझली नव्हती.

गुरुवारी सकाळी अण्णा सेठजींच्या गाडीतून गेले. आई आणि मी आग्र्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या बसनं. आईनं नवं लुगडं नेसलं होतं, का ते तिलाच ठाऊक. बसमध्ये ती एकदाच बोलली. "काय सांगायचं ते हिंदीत नीट सांग. अडखळलीस तर खोटं वाटंल."

शेड उतरवून ठेवल्यासारखी जमिनीवर पडली होती. पत्रे गोळा झालेले, आणि पर्लिन पिळवटलेल्या, जशा अण्णांनी आयुष्यात कधी मशिनातून निघू दिल्या नव्हत्या. प्रत्येकीवर हातभर अंतरावर शिक्का. २.०, २.०, २.०. इंजिनियर उतारवयाचे, टोपी घातलेले, उन्हानं वैतागलेले. सेठजी छत्रीखाली होते. मला बघून त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं मी कागद घेऊन आले.

इंजिनियरनी रजिस्टर उघडलं. "यह किसकी लिखावट है?"

"मेरी."

"तुम्हें नाप लेना आता है?"

"जी, आता है."

त्यांनी खिशातून स्वतःचा मायक्रोमीटर काढून माझ्या हातात दिला. मी एका पर्लिनची कड पुसली, मोजली. दुसरीची मोजली. तिसरीची. "एक पॉइंट छह."

"रजिस्टर में दो है."

"जी. कॉइल भी एक छह थी. मैंने ठीक नापा था, गलत लिखा था."

"गलत क्यों लिखा?"

"कहा गया था."

"किसने कहा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सोहनजींनी तोंडातलं पान दुसऱ्या गालात ढकललं. मी म्हटलं, "सोहनजी ने कहा. सेठजी ने परसों कहा कि मैं अपनी गलती मान लूँ. और मेरे पिताजी को मालूम था. मशीन का गैप उन्होंने एक छह पर बाँधा था. दो पर बाँधते तो कोने ठीक नहीं आते, आप कोने देख लीजिए."

इंजिनियर खाली बसले. त्यांनी एका पर्लिनच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. कोपरे अगदी स्वच्छ होते. मग ते उठले आणि अण्णांना म्हणाले, "मगदूमजी, लड़की सच कह रही है?"

मी अण्णांकडे पाहत होते. आईही पाहत होती. अण्णांनी एकदा सेठजींकडे पाहिलं, एकदा जमिनीवरच्या लोखंडाकडे. मग म्हणाले, "मशीन मेरी है, साहब. मशीन में कोई दोष नहीं."

इंजिनियरनी ते वाक्य वहीत लिहिलं.

एवढ्या वर्षांत मी त्या वाक्याला किती कोनांतून पाहिलं असेल. माझी मुलगी म्हणते, आजोबा घाबरले होते गं, त्यांना काही सुचलं नसेल. असेल. तिचं वय आज तेव्हाच्या माझ्या वयापेक्षा जास्त आहे आणि ती माणसांना चटकन समजून घेते. मी घेत नाही. त्यांना 'हो' म्हणायचं होतं किंवा 'नाही' म्हणायचं होतं. 'नाही' म्हणाले असते तरी मला एवढं लागलं नसतं. तेव्हा निदान ते माझ्याविषयी बोलले असते. त्यांनी लोखंडाची बाजू घेतली. मी तिथं दहा पावलांवर उभी होते.

पुढं काय व्हायचं ते झालं. म्हणजे जे व्हायला हवं होतं ते काही झालं नाही. अहवाल गेला, तो वर कुठंतरी बसला. सेठजींनी सगळं कॉइलवाल्यावर ढकललं, गोदामाला नवी शेड बांधून दिली, तिचा मुहूर्त केला. सोहनजी होते तिथंच राहिले. मला तर त्याच दिवसापासून गेटवर थांबवलं, आणि महिन्याभरात अण्णांनाही काढलं. ज्यानं सगळ्यांसमोर सेठजींची बाजू सोडली नव्हती त्याच माणसाला काढलं. मशीन चालू राहिलं. अण्णांना विश्वकर्मा औद्योगिक भागात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका लहान वर्कशॉपात लेथ मिळाला. रोज दोन बस बदलून ते जायचे. भिंतीवरच्या पोस्टकार्डाच्या पट्ट्या त्यांनी एक दिवस काढून टाकल्या, तिथं टाचण्यांची भोकं आणि फिकट चौकोन राहिला. माझ्याशी ते वर्षभर बोलले नाहीत. मग बोलू लागले, पाणी दे, दार लाव, असं. बस्सीचा विषय ते जाईपर्यंत आमच्यात निघाला नाही. मी काढला नाही कारण मला उत्तर ठाऊक होतं. मी पुढं डिप्लोमा केला. आज छपरांची तपासणी हाच माझा धंदा आहे, आणि लोक म्हणतात मी फार कडक आहे.

पण त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट राहिली. पावसाच्या आधी, आईला सांगून मी एकटी बस्सीला गेले. गुलाबदेवीचं घर विचारत विचारत सापडलं. पुढं कडुलिंबाचं झाड, ओसरीत खाट, खाटेवर ती. मला वाटलं होतं म्हातारी असेल. आईच्याच वयाची होती, रुंद हाडाची, नाकात मोठी चमकी. एक पाय गुडघ्याच्या वर संपलेला, त्यावर ओढणी टाकलेली. तिची सून चुलीपाशी होती.

"कुण छै तू?" तिनं विचारलं. कोण आहेस.

मी माझं नाव सांगितलं. कारखान्याचं सांगितलं. रजिस्टरचं सांगितलं. पातळ लोखंडाला मी जाड लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं, आणि ते तुमच्यावर पडलं. आईनं सांगितल्यासारखं नीट, न अडखळता सांगितलं. ती ऐकत होती. सुनेनं फुंकणी खाली ठेवली.

तिनं ओढणी पायावर नीट ओढून घेतली. मग म्हणाली, "सेठ का आदमी आया था, केले लेकर. बोला आँधी ने किया. गोदामवाला बोला, किस्मत ने किया. अस्पताल में डॉक्टर बोला, भगवान की मर्ज़ी. तू पहली है जो बोल रही है कि मैंने किया."

मी मान खाली घातली.

"माफी लेने आई है?"

मी म्हटलं, "पता नहीं."

"मैं नहीं दूँगी," ती म्हणाली. रागानं नाही, एखादी वस्तू घरात नाही असं सांगावं तसं. "पैर मेरा था. जितने दिन जिऊँगी उतने दिन नहीं दूँगी."

"जी."

"चाय पिएगी?"

मी हो म्हटलं. सुनेनं चहा ठेवला, आलं ठेचलं. आम्ही तो प्यायलो. तिनं मला विचारलं, तुमच्या गावाला बाजरी होते का, तिकडं बायका शेतात काय काय करतात. मी सांगितलं. सेठजींना तिनं एक शिवी दिली, फार जुनी, फार चांगली शिवी, ती मी इथं लिहीत नाही. सोहनजींना दिली. मी वाट पाहत होते, पण अण्णांविषयी तिनं विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. बसची वेळ झाली तेव्हा मी उठले. ती म्हणाली, थांब, मला ओसरीच्या कडेपर्यंत जायचंय, दिवसभर ही एकच भिंत बघते.

सून पुढं आली, तर तिनं तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं बोट केलं. मी वाकले. तिनं माझ्या खांद्यावरून हात टाकला आणि उठली. अर्धा भार नाही, सगळा भार तिनं माझ्यावर टाकला. ती जड होती. तिचं हाड माझ्या मानेत रुतत होतं. एक एक पाऊल टाकत आम्ही ओसरीच्या कडेपर्यंत गेलो. तिथं उभं राहून तिनं रस्ता बघितला, लिंबाखाली बांधलेली शेळी बघितली, येणारी माझी बस बघितली, आणि ती जाऊ दिली. मीही जाऊ दिली. ती हलली नाही तोवर मी हलले नाही.